सिंहहृदयी राजाची खतावणी

बँकेत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला इतिहास वाचताना एक खोड लागते. लढाई कोणी जिंकली यापेक्षा तिचे पैसे कुठून आले, कोणी भरले आणि कोणाचे बुडाले, इकडे त्याचं लक्ष आधी जातं. माझ्या कादंबऱ्यांवरही असा आक्षेप घेतला गेला आहे, की नायक प्रेमात पडण्याआधी त्याचा पगार वाचकाला कळतो. सवयीला इलाज नाही.

इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड, ज्याला जग सिंहहृदयी म्हणून ओळखतं, तो मला प्रथम भेटला शाळेच्या वाचनालयात. रॉबिन हूडच्या गोष्टींचं पुठ्ठा निघालेलं पुस्तक होतं. शेवटी जंगलात एक उंचापुरा वाटसरू येतो, डोक्यावरची टोपी मागे सारतो आणि सगळे गुडघे टेकतात. परदेशी गेलेला चांगला राजा परत आलेला असतो. तो इतके दिवस कुठे होता, आणि त्याच्या पाठीमागे प्रजेची मान एवढी कशासाठी पिळली जात होती, हे त्या पुस्तकात नव्हतं. ते कळायला मला निवृत्त व्हावं लागलं. कळलं तेव्हा गंमत अशी, की त्या काळातला सर्वांत जड कर ह्या चांगल्या राजाच्याच पायी बसला होता.

रिचर्ड ८ सप्टेंबर ११५७ रोजी ऑक्सफर्डला जन्मला. बाप इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री. त्याचा अंमल स्कॉटलंडच्या सीमेपासून खाली पिरेनीजच्या डोंगरांपर्यंत चाले. निम्मं फ्रान्स त्यात मोडत होतं. आई एलिनॉर ही दक्षिण फ्रान्समधल्या अ‍ॅक्विटेन प्रांताची वारसदार. आधी ती फ्रान्सच्या राजाची राणी होती, तो विवाह रद्द झाल्यावर हेन्रीची झाली. घर कसलं, भाऊबंदकीचा आखाडाच तो. ११७३ साली मुलांनी बापाविरुद्ध बंड केलं आणि आईनं मुलांची बाजू घेतली. बंड फसलं. मुलांना बापानं माफ केलं, बायकोला मात्र पंधरा वर्षं नजरकैदेत ठेवलं. रिचर्ड आईचा लाडका. तिच्याच मुलखात तो वाढला, तिथल्याच भाषेत कविता करायला शिकला आणि तिथल्याच बंडखोर सरदारांचे किल्ले पाडत तरुण झाला. ज्या इंग्लंडचा तो राष्ट्रपुरुष ठरला, त्या देशाची भाषा त्याला धड बोलता येत होती असं म्हणायला आधार नाही.

११८९ च्या जुलैत हेन्री वारला. शेवटच्या दिवसांत रिचर्ड फ्रान्सचा राजा फिलिप याच्याशी हातमिळवणी करून बापाशीच लढत होता. ३ सप्टेंबरला वेस्टमिन्स्टरला राज्याभिषेक झाला, तेव्हा वयाची बत्तीस वर्षं पुरी व्हायला पाच दिवस होते. दोन वर्षांपूर्वी, ११८७ मध्ये, सुलतान सलाहुद्दीननं जेरुसलेम घेतलं होतं आणि ते परत मिळवण्याची शपथ रिचर्डनं राजा होण्याआधीच घेतली होती. त्यामुळे सिंहासनावर बसल्याबसल्या त्यानं पहिलं काम केलं ते पैसा उभा करण्याचं.

ह्या कामात त्यानं जी तडफ दाखवली ती एखाद्या वसुली अधिकाऱ्यालाही लाजवील. दहा टक्क्यांचा धर्मयुद्ध कर बापानं आधीच बसवला होता. त्यावर रिचर्डनं सरकारी पदं विकायला काढली. चॅन्सेलरची जागा तीन हजार पौंडांना गेली. बापानं स्कॉटलंडच्या राजाला जिंकून मांडलिक केलं होतं. दहा हजार मार्क घेऊन रिचर्डनं त्याला त्या मांडलिकीतून मोकळं केलं. मार्क हे नाणं नव्हे, हिशेबाचं माप. दोन तृतीयांश पौंड, म्हणजे १६० चांदीच्या पेनी. गिऱ्हाईक मिळालं तर आपण लंडनसुद्धा विकू, असं तो म्हणाल्याची कथा तेव्हाच पसरली होती. खरी असो वा खोटी, त्याच्या प्रजेला ती पटली, हे महत्त्वाचं.

ह्याच महिन्यांतली एक नोंद मला डोळ्यांआड करता येत नाही. राज्याभिषेकाच्या दिवशीच लंडनमध्ये ज्यूंची घरं जाळली गेली. पुढच्या मार्चमध्ये, राजा समुद्रापलीकडे असताना, यॉर्कला जमावानं किल्ल्याच्या बुरुजात आसऱ्याला गेलेल्या ज्यूंना वेढलं. सुमारे दीडशे माणसं त्यात संपली. अनेकांनी जमावाच्या हाती पडण्याआधी स्वतःच्या बायकामुलांना आणि स्वतःला संपवलं. त्यानंतर जमाव थेट यॉर्कच्या मोठ्या चर्चमध्ये गेला. तिथे ज्यू सावकारांची कर्जखतं सुरक्षित म्हणून ठेवलेली असत. ती बाहेर काढून त्यांची होळी करण्यात आली. दंगलीतल्या म्होरक्यांपैकी काहीजण त्याच सावकारांचे मोठे कर्जदार होते. धर्माच्या नावानं पेटलेल्या दंगलीत शेवटी जळले ते दस्तऐवज! राजाला ह्याचा संताप आला, पण ज्यू हे राजाच्या खजिन्याचं हक्काचं उत्पन्न होतं, हेही त्या संतापाचं एक कारण. पुढे ११९४ मध्ये नियम झाला, की ज्यूंचं प्रत्येक कर्जखत दोन प्रतींत लिहायचं आणि एक प्रत सरकारी पेटीत कुलुपात ठेवायची. आमच्या बँकेत दस्तांची दुसरी प्रत वेगळ्या तिजोरीत का ठेवतात, असं एका नव्या कारकुनानं मला विचारलं होतं. तेव्हा मला हे ठाऊक असतं तर!

जुलै ११९० मध्ये रिचर्ड आणि फिलिप बरोबर निघाले. वाटेत सिसिलीत हिवाळा गेला. तिथल्या राजाकडून रिचर्डनं चाळीस हजार औंस सोनं पदरात पाडून घेतलं. मग सायप्रस बेट जिंकलं, मे महिन्यात तिथेच नवारची राजकन्या बेरेंगारिया हिच्याशी लग्न केलं, आणि थोड्याच दिवसांत ते बेट टेंपलर योद्ध्यांना एक लाख मोहरांना विकूनही टाकलं. चाळीस हजार रोख, बाकी हप्त्यानं. आणि ८ जून ११९१ रोजी तो पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर अक्का बंदरापाशी उतरला.

अक्काला ख्रिस्ती सैन्याचा वेढा जवळजवळ दोन वर्षं पडून होता. रिचर्ड आजारी होता, तरी त्याच्या येण्यानं महिन्याभरात शहर पडलं. १२ जुलैला आतल्या शिबंदीनं शरणागतीचा करार केला. दोन लाख दिनार, पंधराशेच्या वर ख्रिस्ती कैदी, आणि ख्रिस्ताला ज्यावर चढवलं असं मानतात त्या क्रुसाचा पवित्र अवशेष, एवढं सलाहुद्दीननं द्यायचं. बदल्यात शिबंदीचे प्राण वाचायचे. मुदत ठरली, हप्ते ठरले. इथे माझ्यातला बँकवाला खडबडून जागा होतो. कारण सुलतानाच्या नावानं हे देणं कबूल करताना सुलतानाची संमती कोणी घेतलीच नव्हती. त्याला कळलं तेव्हा शहराच्या तटावर शत्रूची निशाणं चढलेली होती. तरीही त्यानं ते देणं आपलं मानलं.

ऑगस्टमध्ये पहिल्या हप्त्याची वेळ आली. सुलतानाकडे पैसे जमले होते, काही कैदीही आणले होते. अडलं ते हमीवर. सलाहुद्दीनचं म्हणणं, हप्ता घ्या आणि माझी माणसं आत्ता सोडा, उरलेल्या रकमेसाठी मी ओलीस देतो. नाहीतर तुम्ही ओलीस द्या, म्हणजे पैसे घेतल्यावर माणसं सुटतील ह्याची मला खात्री. रिचर्डच्या बाजूचं म्हणणं, आधी भरा, आमच्या शब्दावर विश्वास ठेवा. दोघांनाही एकमेकांची पत मान्य नव्हती. निरोप जात राहिले, दिवस जात राहिले. तिकडे फिलिप आजारपण आणि भांडण दोन्ही घेऊन मायदेशी निघून गेला होता. रिचर्डला दक्षिणेकडे कूच करायची घाई होती, आणि इतक्या कैद्यांना खाऊ घालत मागे पहारा ठेवणं परवडणारं नव्हतं.

२० ऑगस्ट ११९१ च्या दुपारी कैद्यांना दोरांनी बांधून शहराबाहेर मैदानात आणलं गेलं, सलाहुद्दीनच्या चौक्यांवरून दिसेल अशा जागी. सुमारे सत्तावीसशे माणसं होती. बडे सरदार तेवढे वगळले, कारण त्यांची स्वतंत्र किंमत येणार होती. बाकीच्यांना तलवारींनी आणि भाल्यांनी मारून टाकण्यात आलं. सलाहुद्दीनच्या सैनिकांनी ते पाहून चाल केली, पण उशीर झाला होता. त्यानंतरच्या दिवसांत सुलतानाच्या हाती जे ख्रिस्ती कैदी पडले, त्यांचीही गत तीच झाली.

रिचर्डचे चाहते म्हणतात, मुदत टळली होती, युद्धाच्या रिवाजाप्रमाणे त्याला हक्क होता. असेल. १९८७ साली मी एका तालुक्याच्या गावी शेतकी कर्जं पाहत होतो. मार्चअखेर होती. एका माणसाचं डिझेल इंजिन आमच्याकडे तारण होतं आणि हप्ते थकले होते. विकलेल्या मालाचे पैसे यायचे आहेत, पंधरा दिवस द्या, असं तो म्हणाला. मी दिले नाहीत. इंजिन ट्रॉलीत घालून आणलं. नवव्या दिवशी तो पैसे घेऊन आला, पावती घेतली, इंजिन परत नेलं. तेवढ्यात त्याचा कांदा जळून गेला होता. नियमानं माझं काहीच चुकलं नव्हतं. सत्तावीसशे प्राणांशेजारी एका शेतातला कांदा मांडणं बरोबर नाही, हे मला कळतं. पण अक्काच्या त्या दुपारविषयी वाचताना मला प्रत्येक वेळी ती ट्रॉली आठवते, आणि मुदत टळली होती ह्या वाक्याशी मी अडखळतो.

पुढची मोहीम थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वत्र वाचायला मिळते. ७ सप्टेंबरला अर्सुफला रिचर्डनं सलाहुद्दीनला उघड्या मैदानात मागे रेटलं. उन्हात, चिलखतात, बाणांच्या पावसात समुद्रकाठानं शिस्तीत चालणारं ते सैन्य आणि त्याच्या आगेमागे घोडा फिरवणारा तो राजा, हे दृश्य मोठंच आहे. सेनापती म्हणून त्याच्या तोडीचा त्या काळात युरोपात क्वचितच कोणी होता. दोनदा तो जेरुसलेमपासून बारा-तेरा मैलांवर पोचला आणि दोन्ही वेळा मागे फिरला. शहर घेता येईल, पण आपण परतल्यावर ते राखणार कोण, हा त्याचा सवाल होता, आणि तो बिनतोड होता. लढाई चालू असतानाच सलाहुद्दीनच्या भावाशी त्याची इतकी ऊठबस झाली, की आपली विधवा बहीण जोन हिचं लग्न त्याच्याशी लावून तंटा मिटवण्याचाही प्रस्ताव निघाला. तिनं तो उडवून लावला, हे बरंच झालं. रिचर्ड तापानं फणफणला तेव्हा शत्रूकडून त्याच्यासाठी फळं आणि डोंगरावरचं बर्फ आलं. दोघांची भेट मात्र कधीच झाली नाही. सप्टेंबर ११९२ मध्ये तह झाला: किनारा ख्रिस्त्यांकडे, जेरुसलेम सलाहुद्दीनकडे, आणि निःशस्त्र यात्रेकरूंना वाट मोकळी. रिचर्डचे सैनिक ती यात्रा करून आले. तो स्वतः गेला नाही. पुढच्या मार्चमध्ये सलाहुद्दीन दमास्कसला वारला. त्याच्या चरित्रकारानं नोंदवून ठेवलं आहे, की खासगी खजिन्यात चांदीचे ४७ दिरहम आणि एक सोन्याचं नाणं निघालं.

रिचर्ड ऑक्टोबरमध्ये परत निघाला. फ्रान्सच्या वाटेवर फिलिप टपलेला, म्हणून तो एड्रिअ‍ॅटिक समुद्राकडून वळला; तिथे गलबत फुटलं. मूठभर सोबत्यांनिशी, यात्रेकरूच्या वेशात, तो ऑस्ट्रियातून चालला होता. ज्याच्या मुलखातून जायचं तो ड्यूक लिओपोल्ड अक्काच्या वेढ्यात होता. शहर पडल्यावर त्यानं तटावर लावलेलं निशाण रिचर्डच्या माणसांनी ओढून खंदकात फेकलं होतं. लुटीत वाटा नको म्हणून. डिसेंबर ११९२ मध्ये व्हिएन्नाजवळच्या एका खेड्यात राजा पकडला गेला. कोणी म्हणतात, बाजारात पाठवलेल्या पोऱ्याच्या हातातले परदेशी पैसे पाहून संशय आला; कोणी म्हणतात, स्वयंपाकघरात मांस भाजणाऱ्या माणसाच्या बोटात राजाची अंगठी होती. आधी डॅन्यूबकाठच्या ड्युर्नस्टाइनच्या किल्ल्यात आणि मग जर्मन सम्राट सहावा हेन्री याच्या ताब्यात, अशी त्याची रवानगी झाली. धर्मयुद्धावरून परतणाऱ्या योद्ध्याला हात लावायचा नाही, असा चर्चचा दंडक होता. सम्राटाला तो माहीत होता. पण हाती आलेला माल मोठा होता.

किंमत ठरली दीड लाख मार्क. एक लाख रोख, आणि पन्नास हजारांसाठी ओलीस: तीस हजारांपोटी सम्राटाकडे साठ, वीस हजारांपोटी ड्यूककडे सात. एक लाख मार्क म्हणजे सुमारे तेवीस टन चांदी, आजच्या दहा टनी ट्रकचे दोन ट्रक भरून तिसरा लागेल एवढी. इंग्लंडच्या राजाच्या दोन-तीन वर्षांच्या उत्पन्नाइतकी ही रक्कम होती, आणि देश धर्मयुद्धासाठी नुकताच पिळून निघाला होता.

वसुलीची धुरा आली सत्तरीच्या एलिनॉरवर, जिनं स्वतः पंधरा वर्षं कैद सोसली होती. पाळकांपासून प्रजेपर्यंत प्रत्येकाच्या उत्पन्नाचा आणि जंगम मालमत्तेचा चौथा हिस्सा. प्रत्येक सरदारी जहागिरीवर वीस शिलिंग. चर्चमधली सोन्याचांदीची भांडी. सिस्टर्शियन पंथाच्या मठांकडे सोनं नव्हतं, मेंढ्या होत्या. त्यांची वर्षाची लोकर उचलली. यॉर्कच्या आगीतून वाचलेल्या ज्यू समाजाला पाच हजार मार्कांचा बोजा उचलावा लागला. जमलेली चांदी लंडनच्या सेंट पॉल चर्चमध्ये पेट्यांत मोहोरबंद होऊन साठत गेली. तिच्या राखणदारांत होता लंडनचा बिशप आणि राज्याचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील. ह्या माणसाविषयी मला घरचा माणूस असल्यासारखी आपुलकी वाटते, कारण सरकारी हिशेबखातं कसं चालतं ह्यावर त्यानं एक आख्खा ग्रंथ लिहून ठेवला आहे. दहा फूट बाय पाच फुटांचं टेबल, त्यावर चौकटी आखलेलं काळं कापड, चौकटींत सरकवायच्या सोंगट्या. पावती म्हणजे लाकडाची काठी. हजार पौंडांची खाच तळव्याच्या जाडीची, शंभराची अंगठ्याएवढी, एका पौंडाची जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची, अर्धी सरकारकडे, अर्धी भरणाऱ्याकडे. दोन्ही जुळल्या तर हिशेब खरा. तिचं नाव टॅली. आपल्याकडे दुकानादुकानांत संगणकावर टॅली चालतं, ते नाव ह्या काठीवरून चालत आलं आहे.

आणि चांदी रवाना कशी करायची? सम्राटाचे दूत लंडनला येऊन वजन करणार, मोहोर लावणार. पण साम्राज्याच्या सीमेपर्यंत वाटेतली जोखीम रिचर्डची. आमच्या रोकड रवानगीच्या नियमांत ह्याहून वेगळं काय होतं!

तिकडे कैदेत रिचर्ड वाट पाहत होता. आता तो तारण होता आणि मुदती दुसऱ्यांच्या हाती होत्या. ह्या दिवसांत त्यानं एक गीत रचलं, ते आजही गायलं जातं. त्यात तक्रार आहे ती मित्रांनी पैसे पाठवायला लावलेल्या उशिराची. अक्काचा उल्लेख त्यात नाही. ऐनवेळी भाऊ जॉन आणि फिलिप यांनी सम्राटापुढे उलटी बोली लावली: याला आणखी काही महिने अडकवून ठेवा, आम्ही ऐंशी हजार मार्क देतो. सम्राट डळमळला. कैद्याच्या सुदैवानं जर्मन सरदारांनी सम्राटाला दिल्या शब्दावर टिकायला लावलं. ४ फेब्रुवारी ११९४ ला माइन्झ शहरात, भर हिवाळ्यात चांदी घेऊन आलेल्या आईच्या हवाली रिचर्डला करण्यात आलं. एक वर्ष आणि सुमारे दीड महिना तो आत होता. सम्राटानं त्याचं इंग्लंड स्वतःकडे मांडलिक म्हणून लिहून घेतलं, ते वेगळंच.

त्या चांदीतून सम्राटानं सिसिली जिंकली. ड्यूकच्या वाट्यातून व्हिएन्नाचा तट वाढला. पण उरलेले हप्ते येईनात. पैसे लवकर आले नाहीत तर ओलिसांना मारीन, अशी धमकी लिओपोल्डनं पाठवली. तेवढ्यात डिसेंबर ११९४ मध्ये घोडा अंगावर पडून त्याचा पाय चिरडला, पाय कापावा लागला, आणि धर्मबहिष्कृत अवस्थेत मरायच्या भीतीनं त्यानं मृत्युशय्येवर ओलीस सोडून दिले. बाकी माफ. रिचर्डच्या नशिबी ही सूट होती.

परतल्यावर तो इंग्लंडमध्ये दोन महिने राहिला, आणि १२ मे ११९४ ला गेला तो पुन्हा आला नाही. दहा वर्षांच्या कारकिर्दीत तो त्या देशात जेमतेम सहा महिने होता. भावाला त्यानं माफ केलं. फिलिपशी लढण्यात आणि सीन नदीच्या काठी शातो गैयार हा किल्ला दोन वर्षांत उठवण्यात उरलेली वर्षं आणि आणखी बरेच पौंड गेले. लंडनच्या पार्लमेंटबाहेर तलवार उंचावलेला त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. तिथली जुनी इमारत १८३४ साली जळाली, ती भट्टीत जुन्या टॅलीच्या काठ्या एकदम कोंबल्यामुळे.

मार्च ११९९ मध्ये तो लिमोझँ प्रांतातल्या शालू नावाच्या एका किरकोळ गढीला वेढा घालून बसला होता. २६ तारखेच्या संध्याकाळी चिलखत न घालता तटाजवळ फेरी मारायला गेला आणि वरून आलेला बाण त्याच्या खांद्यात घुसला. काढताना जखम चिघळली. ६ एप्रिलला, एक्केचाळिसाव्या वर्षी, तो गेला. जवळ आई होती. देह बापाच्या पायाशी, हृदय रुआँला, आतडी शालूला, असं त्याचं दफन झालं. रुआँच्या हृदयाची शिशाची पेटी १८३८ मध्ये सापडली. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा आत तपकिरी भुकटी उरली होती, आणि तीत धूप, पुदिना, पारा यांचे अंश होते.

मरण्यापूर्वीची एक हकीकत त्या काळच्या इतिहासकारानं लिहिली आहे. गढी पडल्यावर बाण मारणाऱ्याला राजापुढे आणलं. तुझ्या हातून माझा बाप आणि दोन भाऊ मेले, असं तो न घाबरता सांगून मोकळा झाला. रिचर्डनं त्याला माफ केलं, बेड्या काढायला लावल्या आणि शंभर शिलिंग देऊन सोडून द्यावं असा हुकूम केला. ते शंभर शिलिंग त्याला मिळाले नाहीत. राजाच्या भाडोत्री फौजेचा नायक मर्काडिए यानं त्याला गुपचूप अडकवून ठेवलं, आणि राजाचे डोळे मिटल्यावर त्याची जिवंतपणी कातडी सोलून त्याला फासावर चढवलं.